सेकंदाचा शंभरावा भाग

जुनं इंजिन पूर्ण खोललं, सगळे भाग धुऊन टेबलावर मांडले, की पाहणाऱ्याची नजर पिस्टन, रिंगा आणि क्रँककडे जाते. त्यांची झीज नखाला लागते, मायक्रोमीटरला सापडते. कॅमशाफ्ट पुसून बाजूला ठेवला जातो. मी मात्र आधी तोच हातात घेतो. गाडी सिग्नलवर कशी उभी राहील, चढावर कशी ओढेल आणि मोकळ्या रस्त्यावर कुठवर दम धरेल, यातलं बरंच काही त्या दांड्यावरच्या आठ उंचवट्यांवर ठरलेलं असतं.

माझा जीव रमतो तो फियाट ११०० च्या इंजिनात. दान्ते जाकोझा यांनी आखणी केलेली फियाट ५०८ सी १९३७ साली आली, तिच्यापासून या घराण्याची सुरुवात. ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, १०८९ सीसी. कॅम खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, मधे टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९६४ पासून ११०० डिलाइट काढली आणि पुढं पद्मिनीही; मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं हेच इंजिन शहराच्या अंगवळणी पाडलं.

एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण २७२ सीसी येतात. मूळ स्वभावाच्या एखाद्या कॅमवर इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन टॉपला यायच्या १० अंश आधी उघडतो आणि पिस्टन तळाला जाऊन ५० अंश उलटल्यावर बंद होतो, असं धरू. म्हणजे तो एकूण २४० अंश उघडा राहिला. चार हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला २४,००० अंश फिरतो. सिलिंडर भरायला मिळालेला वेळ किती? सेकंदाचा शंभरावा भाग. कॅम सुधारायचा म्हणजे या शंभराव्या भागाची फेरवाटणी करायची.

व्हॉल्व्ह जास्त अंश उघडा ठेवला की वरच्या आरपीएमला फायदा होतो. वेगानं आत येणारं मिश्रण आपल्याच ओघानं शिरत राहतं, पिस्टन वर यायला लागला तरी थांबत नाही. पण तोच कॅम हजार-बाराशे आरपीएमला उलटतो. तिथं मिश्रणाला ओघ नसतो. उशिरा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हमधून वर येणारा पिस्टन त्याला मॅनिफोल्डमध्ये परत ढकलतो. कागदावरचं कॉम्प्रेशन तेच राहतं, प्रत्यक्ष दाब पडतो. इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे असण्याचा काळही वाढतो, जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि आयडलिंगला इंजिन डगमगतं. वर जे मिळतं, त्याची किंमत खालून वसूल होते.

म्हणूनच खुद्द फियाटनं १९५३ च्या ११०० मधून टीव्ही ही जलद आवृत्ती काढली, तेव्हा कॉम्प्रेशनही वाढवलं आणि वेबर कार्बोरेटरही बसवला. साधीची सुमारे ३६ अश्वशक्ती, तिची पन्नासच्या आसपास. त्याआधी १९४६ मध्ये याच १०८९ सीसीच्या इंजिनावर चिसितालियाची डी४६ ही शर्यतीची गाडी धावली होती, सुमारे ६० अश्वशक्तीनं. एकाच कुळातलं इंजिन शर्यतीतही धावलं आणि दादर-परळच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवसभर टॅक्सीही ओढत राहिलं. दोन्हीकडे ते योग्यच होतं, कारण ज्या कामाला लावलं त्या कामासाठी ते जुळवलेलं होतं.

त्यामुळे कुणी तरुण मालक म्हणाला, "काका, इंजिन उघडलंच आहे तर जरा गरम कॅम टाका," की मी आधी विचारतो, "गाडी चालवणार कुठं?" बहुतेकांचं उत्तर एकच असतं: रविवारी सकाळी शहरात, वर्षातून एखाद-दोनदा घाटावर. अशा गाडीचं आयुष्य पंधराशे ते साडेतीन हजार आरपीएममध्ये जातं. तिला मी सौम्य कॅम सुचवतो: लिफ्ट थोडी जास्त, उघडं राहण्याचे अंश जवळपास मूळचे. व्हॉल्व्ह तेवढ्याच वेळात जास्त उंच उचलला गेला, तर खालचा पिकअप फारसा न गमावता मधला पट्टा भरून येतो.

असा कॅम पुष्कळदा जुन्यावरच ग्राइंडिंग करून घडवावा लागतो. ग्राइंडिंगनं धातू वाढत नाही. लिफ्ट वाढवायची तर उंचवट्याच्या मागचा गोल भाग कमी करावा लागतो. मग टॅपेट खाली बसतो, आणि पुशरॉडची लांबी नि रॉकरचा कोन पुन्हा तपासावा लागतो. वरचा कठीण थर निघून गेला नाही ना, हेही पाहावं लागतं. मऊ पडलेला उंचवटा बघता बघता झिजतो.

कॅम बदलला की टॅपेटही नवे किंवा तोंड घासून घेतलेले, याला माझ्याकडे अपवाद नाही. जुन्या टॅपेटवर जुन्या उंचवट्याची वाट उमटलेली असते. स्प्रिंग पूर्ण दाबली गेली तरी तिचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवतो, हेड उतरवून माती कापतो आणि तिची जाडी मोजतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये निदान दोन मिलिमीटर अंतर मला हवं असतं.

मग टायमिंग. गिअरवरच्या खुणा जुळल्या म्हणजे काम झालं, असं मी मानत नाही. क्रँकला अंशांची तबकडी लावतो, पिस्टन अडवून दोन्ही बाजूंचे अंश वाचतो, त्यांच्या मध्यावर खरा टॉप सापडतो. डायल गेजनं व्हॉल्व्हची सर्वाधिक उचल कुठं येते ते काढतो. चेन सैल असेल तर कॅम मागं पडतो. नव्या चेननं तो जागेवर येतो. गरज वाटली तर ऑफसेट चावीनं दोन-चार अंश पुढं घेतो, खालचा पिकअप सुधारतो.

पहिली वीस मिनिटं सर्वांत नाजूक. कॅमच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकनं उडवलेलं, म्हणून नवं इंजिन लगेच आयडलिंगला ठेवायचं नाही. दोन हजारांच्या वर, थोडं कमी-जास्त करत चालवायचं. तेलात जस्त आणि फॉस्फरस पुरेसं हवं. आजच्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही, म्हणून नव्या तेलांत ते कमी केलं गेलं. जुन्या सपाट टॅपेटला मात्र त्याचाच आधार असतो.

मूळ कॅम शाबूत असेल, तर त्यावर चाक लावू देत नाही; दुसरा जुना शोधून त्यावर काम करतो आणि मूळचा तेल लावून, गुंडाळून मालकाच्या हवाली करतो. पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती मूळ स्वरूपात हवी आणि तिच्या इंजिनात मोठे फेरबदल झालेले नकोत. अशी नोंद करायची इच्छा असेल तर मी मूळचाच कॅम बसवायला सांगतो. नियम नसता तरी मी मूळचा जपलाच असता. आपल्यानंतर ती गाडी ज्याच्याकडे जाईल, त्यालाही निवडीचा हक्क आहे.

सुधारणा झाली की नाही, हे मी अश्वशक्तीच्या आकड्यावरून ठरवत नाही. बोरघाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या खाली इंजिन असताना रेस दाबावी. गाडीनं धक्का न देता, गिअर उतरवायला न लावता वेग धरावा. मालक रोज जिथं चालवतो, तिथं गाडी पूर्वीपेक्षा चांगली चालली पाहिजे. कॅम निवडणाऱ्याचं कौशल्य मी तेवढ्यावरूनच जोखतो.