काउंटर 214

बाबांच्या वहीत कॅसेट क्रमांक 23 समोर निळ्या शाईत लिहिलं आहे : ‘ब बाजू. काउंटर 214 पासून आई, जात्यावरच्या ओव्या. मध्ये एकदा मांजर.’ त्यातल्या 214 वर एक सरळ काट आहे आणि खाली काळ्या शाईत दुसरी ओळ : ‘431 पासून आई. त्याआधी क्रिकेट.’

ही दुसरी ओळ माझ्यामुळे लिहावी लागली.

वही लांबट, जाड पुठ्ठ्याची, वाणी उधारीसाठी ठेवतात तसली. बाबा चिपळूणला शाळेत गणित शिकवायचे. 1984 साली त्यांनी टू-इन-वन घेतला आणि येताना ही वहीही आणली. रात्री जेवणं झाल्यावर पट्टीने रेघा मारून रकाने पाडले : क्रमांक, तारीख, बाजू, काउंटर, काय आहे, कोणी नेली. मग पहिली कोरी कॅसेट यंत्रात घातली. आधी नोंद आणि मग आवाज, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

कॅसेट साठच्या आणि नव्वदच्या मिळत. नव्वदच्या कॅसेटमध्ये सुमारे 130 मीटर फीत असते, हे मला त्यांनीच हिशेब करून दाखवलं होतं. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, त्याला पंचेचाळीस मिनिटांनी गुण. त्या फितीवर त्यांनी काय काय भरलं! आकाशवाणीवरचं नाट्यसंगीत, देवळातली कीर्तनं, शिमग्यातलं नमन, ताईचं पाढे म्हणणं, गणपतीतल्या आरत्या. आणि आजी.

आजी तेव्हा सत्तरीत होती. पीठ गिरणीतून यायचं, जातं पडवीत कोपऱ्याला लागलं होतं. बाबा म्हणाले, ‘‘आई, जरा जातं फिरव आणि ओव्या म्हण, भरून ठेवतो.’’ ती म्हणाली, ‘‘रिकामं जातं फिरवू नये रे.’’ मग आईने सुपातून नाचणी आणली. त्यामुळे कॅसेटवर आधी घरघर येते, दाणे चिरडल्याचा खरखरीत आवाज येतो, आणि मग त्या घरघरीवर बसलेला आजीचा आवाज. ओवीच्या शेवटच्या शब्दाला खुंटा तिच्याकडे आलेला असतो आणि तिथे ती श्वास घेते. जात्याशिवाय ओव्या म्हणायला सांगितल्या असत्या तर हा श्वास मिळाला नसता.

कॅसेटच्या पाठीला दोन खाचा असतात. त्यांवरचा प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा मोडला की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. बाबांनी 23 क्रमांकाचे दोन्ही तुकडे मोडले होते. 5 नोव्हेंबर 1987 ला वानखेडेवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना होता, भारत विरुद्ध इंग्लंड. मला रेडिओवरचं समालोचन भरून ठेवायचं होतं आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मी बारा वर्षांचा होतो. मी खाचेवर चिकटपट्टी लावली.

गूचने स्वीप मारून मारून 115 केल्या, आपण हरलो, आणि आजीच्या ओव्यांतली पंचवीसेक मिनिटं गेली. उरली अकरा. बाबा मला काही बोलले नाहीत. त्यांनी कॅसेट पुढे नेत ओव्या कुठे सुरू होतात ते पाहिलं, वही उघडली, काट मारली, नवा आकडा लिहिला. दीड वर्षाने आजी गेली.

पुढे मोठं झाल्यावर मी त्या ओव्या शोधल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवल्या, एक लाखाहून जास्त. हे काम किती मोठं आहे ते मी सांगायला नको. त्या साठ्यात आजीच्या ओव्यांसारख्या ओव्या भेटतात, कधी तर शब्दाला शब्द जुळतो. पण श्वास दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

बाबांच्या कॅसेट पत्र्याच्या ट्रंकेत, माजघरात, जमिनीवर असत. 26 जुलै 2005 ला वाशिष्ठी नदी गावात शिरली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर वरपर्यंत तांबडा गाळ. 118 कॅसेट होत्या. पुण्याहून मी पोहोचलो तेव्हा बाबा ओसरीवर सतरंजी टाकून एकेक कॅसेट पुसत बसले होते. खालचे पाच बारीक स्क्रू काढायचे, दोन शिंपले वेगळे करायचे, फितीची गुंडाळी अलगद उचलून स्वच्छ पाण्यात हलवायची, सावलीत सुकवायची आणि नव्या डबीत बसवून पेन्सिलीने गुंडाळायची. फीत पॉलिएस्टरची असते, नुसत्या पाण्याने ती मरत नाही. मारतो तो थरांत बसलेला गाळ, आणि नंतर आठ दिवसांनी येणारी बुरशी. एकाहत्तर वाचल्या.

पण लेबलं धुऊन गेली होती. एकाहत्तर सारख्या दिसणाऱ्या कॅसेट, एकीवरही अक्षर नाही. वही माडीवर देव्हाऱ्याखालच्या फडताळात होती म्हणून कोरडी राहिली. मग एकेक कॅसेट ऐकून वहीतल्या नोंदीशी ताडून क्रमांक द्यायचे. कुठे कीर्तनात वीज गेल्याची नोंद, कुठे आरतीत एस.टी.चा हॉर्न. 23 क्रमांक तेवढा लगेच सापडला. क्रिकेटमुळे.

त्यात आणखी एक अडचण आली. जुना टू-इन-वन पुरात गेला होता, नव्या डेकवर काउंटरचे आकडे जुळेनात. वहीत 431, इथे आजी 390 लाच सुरू. काउंटर मिनिटं मोजत नाही, चाकाचे वेढे मोजतो, आणि प्रत्येक यंत्राच्या दात्यांचं प्रमाण निराळं. बाबांनी तीन कॅसेटवरून गुणोत्तर काढलं, वहीच्या मलपृष्ठावर लिहिलं, आणि त्यानंतर सगळे आकडे बिनचूक पडायला लागले.

सीडीवर उतरवण्याचं काम आम्ही दोघांनी 2006 मध्ये केलं. प्रत्येकीच्या दोन प्रती. चिकटपट्टीची आठवण असल्यामुळे मला दोन प्रती म्हणजे फार झाल्या असं वाटलं. दहा वर्षांत त्यांतल्या बऱ्याच वाचता येईनाशा झाल्या. घरी भरायच्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो आपसूक फिका होत जातो. नशिबाने एका सुटसुटीत हार्ड डिस्कवर सगळं उतरवलेलं होतं. ती 2018 मध्ये टेबलावरून पडली आणि आतून टकटक आवाज करत बंद पडली. बाबा त्याआधी दोन वर्षं गेले होते. मी त्या रात्री एकाहत्तर कॅसेट पुन्हा पहिल्यापासून वाजवायला काढल्या.

या वेळी ठरवलं की एकाच वस्तूवर भिस्त ठेवायची नाही. 2019 मध्ये पुण्याच्या घरी नेटवर्क ड्राइव्ह बसवला. चहाच्या मोठ्या डब्याएवढा काळा खोका. पडदा नाही, कीबोर्ड नाही. आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क, मागून एक केबल राउटरला. घरातला टीव्ही, मुलीचा लॅपटॉप, माझा फोन, सगळे त्यातूनच वाचतात. आयबीएमने 1956 साली हार्ड डिस्क असलेलं पहिलं यंत्र आणलं तेव्हा त्यात पन्नास तबकड्या होत्या आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. सीडीच्या दर्जाने आजीचा आवाज त्यात अर्धा मिनिटही मावला नसता. आता नव्वदची अख्खी कॅसेट साधारण साडेनऊशे एमबी होते, फ्लॅकमध्ये आवाज जराही न गमावता त्याच्या निम्म्यावर येते, आणि सगळ्या एकाहत्तर मिळून त्या खोक्याचा एक कोपराही भरत नाही. ताईच्या लग्नाची व्हिडिओ टेप, फोटो, मुलीची शाळेतली नाटकं, घेतलेले सिनेमे, सगळं त्यात आहे.

फोल्डर कसे लावायचे यावर मी फार विचार केला नाही. बाबांचे क्रमांक तेच ठेवले. 023, त्यात अ आणि ब. गेलेल्या सत्तेचाळीस कॅसेटचेही रिकामे फोल्डर ठेवले आहेत, प्रत्येकात वहीतली नोंद टाइप करून. काय होतं हे तरी राहावं. टीव्हीवर दिसायला जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, खुलं आहे, आणि आपली यादी आपल्याच घरात ठेवतं.

नावं मात्र मराठीतच हवी होती आणि तिथे खूप झगडावं लागलं. मी 2006 मध्ये त्या वेळच्या मराठी फाँटात टाइप केलेल्या याद्या उघडल्या तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. सगळं युनिकोडमध्ये पुन्हा लिहिलं. मग ‘तिसऱ्या रात्रीचं कीर्तन’ शोधायला गेलो तर सापडेना. फाइल डोळ्यांसमोर आणि यंत्र म्हणतं, नाही. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कळलं : ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य चिन्ह. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला दोन निराळे शब्द. माझ्या लॅपटॉपवर एक आणि फोनवर दुसरा पडत होता. ज्या भाषेत ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘साऱ्या’ पावलोपावली येतात तिथे ही गोष्ट किरकोळ नव्हे. नाव सापडलं नाही तर आवाज असून नसल्यासारखा.

आणखी एक गैरसमज मनातून काढायला मला वेळ लागला. दोन डिस्क आरशासारख्या चालतात, एकीवर लिहिलं ते दुसरीवर त्याच क्षणी उमटतं. अशा जोडण्यांना रेड म्हणतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 च्या त्यांच्या निबंधात ही कल्पना नीट मांडली. एक डिस्क मेली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठी ती आहे. चुकीपासून ती वाचवत नाही. 23 क्रमांकाची कॅसेट अशा आरशात असती तर मी भरलेलं क्रिकेट दोन्हीकडे इमानाने उमटलं असतं आणि आजी दोन्हीकडून गेली असती. हे समजल्यावर मी त्या खोक्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. जपतो तो खोका नाही. जपतं ते दर महिन्याला बसून करायचं काम. सगळ्या साठ्याचं त्या तारखेचं चित्र साठवायचं, दुसरी प्रत काढायची, ती उघडून वाजते का पाहायचं, आणि एक प्रत दुसऱ्या गावी पाठवायची.

दुसऱ्या गावची प्रत मी चिपळूणलाच ठेवली होती. हा निर्णय चुकीचा होता. 22 जुलै 2021 च्या पहाटे पाणी 2005 पेक्षा वर चढलं. तळमजला बुडाला, माडीवर गुडघाभर आलं. डिस्क गेली, कपाटातल्या मूळ कॅसेट गेल्या. त्याच पुराने गावातलं 1864 सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही दुसऱ्यांदा भिजलं, त्यापुढे आमच्या घराचं दुःख लहान आहे. आईला शेजाऱ्यांनी गच्चीवर नेलं. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत औषधं, पासबुक आणि बाबांची वही.

तेव्हापासून आई पुण्याला आमच्याकडे असते. दुसरी प्रत आता ताईकडे नाशिकला आहे. सुट्टीच्या दुपारी मी टीव्हीवर एखादी कॅसेट लावतो आणि आई सोफ्यावर पाय घेऊन बसते. वहीत बाबांनी ‘आरती, गणेशोत्सव’ एवढंच लिहिलेलं असतं. आई ऐकता ऐकता म्हणते, ‘‘थांब, मागे घे जरा. ही जी पुढे पुढे पळते ना, ती आमची धाकटी जाऊ. आणि टाळ चुकवतोय तो तुझा मामा.’’ मी नावं लिहून घेतो. कधी कधी ती काहीच ओळखत नाही आणि गप्प होते. परवा 023 लावली. अकरा मिनिटं संपल्यावर म्हणाली, ‘‘सूप मी धरलं होतं. माझ्या बांगड्या वाजतात बघ.’’ चाळीस वर्षांत मला त्या कधी ऐकू आल्या नव्हत्या. मी पुन्हा लावली. चौथ्या ओवीनंतर नाचणी ओतताना दोनदा बांगड्या वाजतात. ते मी 023 च्या नोंदीत बाबांच्या ओळीखाली लिहिलं.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, शोकेसच्या खालच्या खणात कॅसेट असतील तर यंदाच्या पावसाच्या आत खाली काढा. नेटवर्क ड्राइव्ह घ्या किंवा साध्या दोन डिस्क घ्या, ते नंतर ठरवता येईल. पण त्यांतले आवाज कुणाचे हे सांगणारं माणूस घरात असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्याजवळ बसा आणि नावं लिहून घ्या.