भीड आणि मास्क

'मुखपट्टी' हा शब्द वर्तमानपत्रांनीं कितीहि निष्ठेनें छापला तरी लोकांच्या तोंडीं तो बसला नाहीं. लोक 'मास्क'च म्हणत राहिले. शब्द बसला नाहीं एवढ्यावरच भागतें तर आमची तक्रार नव्हती. पण ती वस्तूहि तोंडावर बसेना. सन २०२० च्या दिवाळीनंतर मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून जो कोणी डोळे उघडे ठेवून हिंडला असेल त्यास तिचा प्रवास आठवत असेल. ती नाकावरून ओठांवर आली, ओठांवरून हनुवटीवर उतरली, मग एकाच कानास लोंबूं लागली, आणि पौष उजाडतां उजाडतां खिशांत विसावली. साथ ओसरली असें सर्वांनीं मनाशीं ठरवून टाकिलें होतें. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावतीकडून आंकडे चढूं लागले, तेथें टाळेबंदी झाली, सरकारनें 'मी जबाबदार' अशी मोहीम काढिली. आणि एप्रिलांत महाराष्ट्रांत एकेका दिवसास ६०,००० वर नवे रुग्ण मोजले जाऊं लागले.

या दुसऱ्या लाटेचें सारें खापर उघड्या तोंडांवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. विषाणूचें रूप पालटलें होतें व नवें रूप अधिक वेगानें पसरणारें होतें. शिवाय साथीच्या आरंभीं निरोगी माणसानें मास्क लावण्याचें कारण नाहीं असें खुद्द जागतिक आरोग्य संघटनाच सांगत होती, आणि जून २०२० मध्यें तिनें तो सल्ला बदलला. तेव्हां सामान्य माणूस गोंधळला तर त्यांत नवल तें काय? चष्म्यावर वाफ धरते, दम लागतो, ज्यास कमी ऐकूं येतें त्यास समोरच्याचे ओठ दिसत नाहींत, या अडचणीहि खऱ्याच. पण आम्हांस कुतूहल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. मास्क कोठें राहिला आणि कोठें निघाला?

अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरानें इन्फ्ल्यूएंझाच्या साथींत, ऑक्टोबर १९१८ मध्यें, मास्क सक्तीचा केला होता. नोव्हेंबरच्या २१ तारखेस भर दुपारीं १२ वाजतां भोंगे झाले आणि लोकांनीं आनंदानें तोंडावरचीं फडकीं ओढून काढिलीं. साथ उलटली. जानेवारी १९१९ मध्यें सक्ती पुन्हां आली, तेव्हां मात्र तेथील नागरिकांनीं चक्क एक 'मास्कविरोधी संघ' स्थापिला आणि सभा भरवून निषेध केला. फेब्रुवारीच्या १ तारखेस सक्ती उठली. या संघाचें म्हणणें आम्हांस मुळींच पटत नाहीं. पण त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे कीं त्याच्याशीं वाद घालतां येतो. तो स्वातंत्र्याचें नांव घेतो, आपण शेजाऱ्याच्या जिवाचें नांव घ्यावें.

आमच्याकडे असा सामना झालाच नाहीं. मास्क लावावा हें सर्वांस मान्य होतें. तो उतरला तो तत्त्वासाठीं नव्हे, भिडेसाठीं. मुंबईंत २०० रुपये दंडाच्या धाकानें मोकळ्या रस्त्यावरून एकटा चाललेला मनुष्य तोंड झांकून चाले, आणि चार आप्तांच्या बैठकींत, खिडक्या लावून पंखा सोडलेल्या खोलींत शिरतांच तें उघडें करी. जेथें धोका थोडा तेथें बंदोबस्त, आणि जेथें फार तेथें मोकळीक! आपल्या माणसासमोर तोंड झांकून बसणें म्हणजे त्यास रोगी ठरविणें, असा हा हिशेब. व्यासपीठावरील वक्ते तर मास्क हनुवटीवर ओढून मास्कचें महत्त्व सांगत.

त्या फेब्रुवारींत आमच्या नात्यांतील एका लग्नास आमच्या आत्याबाई आल्या होत्या. उभा जन्म शिक्षिका म्हणून गेलेला. मास्क नाकावरून तसूभरहि हलला नाहीं. वरपक्षाचे एक वडीलधारे गृहस्थ हंसत म्हणाले, "आत्याबाई, आम्ही का परके आहोंत?" त्या म्हणाल्या, "परके नाहीं, म्हणूनच लावला आहे." सगळे हंसले. फोटोच्या वेळीं मात्र त्यांस रांगेच्या टोंकास उभें करण्यांत आलें. पुढील पंधरवड्यांत त्या मंडपांतील सात जण आजारी पडले; तेच गृहस्थ १८ दिवस प्राणवायूवर राहून घरीं आले. कोणाचें कोणास लागलें हें सांगणें कोणासच शक्य नाहीं.

आत्याबाईंच्या उत्तरांत जें होतें तें आमच्या देशास कांहीं नवें नव्हे. स्थानकवासी जैन साधु मुहपत्ती बांधतात ती आपल्या श्वासानें सूक्ष्म जीवांस इजा होऊं नये म्हणून. पारशी मोबेद अग्नीपुढें पदान बांधतो तें आपल्या उच्छ्वासानें अग्नि विटाळूं नये म्हणून. तोंड झांकावयाचें तें समोरच्यासाठीं, ही कल्पना आमच्या शेजारांतच शतकानुशतकें नांदत आहे.

पण समोरचा कोण, हा प्रश्न उरतोच. त्याच लग्नांत वाढपी मंडळी आरंभापासून अखेरपर्यंत मास्क लावून होती. कंत्राटदाराची तशी ताकीद होती. जेवतांना यजमान-पाहुण्यांचीं तोंडें उघडीं असणारच, तें आम्हांसहि समजतें. पण पंगत उठून तास लोटला, विडे झाले, तरी तीं झांकलीं गेलीं नाहींत, आणि पोरें सतरंज्यांवरचीं पानें उचलीत त्यांच्यामधून वांकून हिंडत होतीं. कापडाच्या त्या तुकड्यानें पाहुण्यांचें रक्षण वाढपी करीत होता. वाढप्याचें कोणी करीत नव्हतें. "साहेब, मास्क वर घ्या" असें तो कोणत्या तोंडानें म्हणणार? सातांचा आंकडा आम्हीं वर दिला, तो पाहुण्यांचा आहे. वाढप्यांपैकीं कितीजण पडले हें विचारण्यास कोणी गेलें नाहीं.

घरोघरीं तरी दुसरें काय चाललें होतें? सुशिक्षितांच्या पुष्कळ बिऱ्हाडांत कामवालीनें दारांतच मास्क लावावा, हात धुवावे, असा नियम होता, आणि घरांतील माणसें मोकळ्या तोंडानें तिला भांडीं कोठें ठेवावयाचीं तें सांगत. ती पांच घरें करून आलेली, म्हणून भय तिचें, हा युक्तिवाद आम्हीं अनेकदां ऐकिला आहे. त्या पांचांतलें एक घर आपलें, आणि उरलेल्या चारांस भय आपलें, हें मात्र ऐकिलें नाहीं.

गुढीपाडव्यास, २ एप्रिल २०२२ रोजीं, राज्यांतील सारे निर्बंध उठले व मास्क ऐच्छिक झाला. आमच्या परिचयाच्या एका घरीं त्या दिवशीं बाईंनीं मोलकरणीस मोठ्या मनानें सांगितलें, "आजपासून मास्क नको हं." ती भांडीं विसळतां विसळतां म्हणाली, "तो मी तुमच्या जिन्यांतच लावत होतें, ताई. खालीं गेलें कीं पिशवींत."