निथळ धुणं

शेजारी-शेजारी दोन टब, वर दोन झाकणं आणि कर्रकर्र आवाज करत मागे सरकणारा टायमर. व्हिडिओकॉनसारख्या कंपनीनं तेव्हाच्या औरंगाबादेतून घरोघरी पोचवलेली ही सेमी-ऑटोमॅटिक मशीनं अजूनही कित्येक घरांत मोरीजवळ तग धरून आहेत. मला ती मनापासून आवडतात. आपटण्या-पिळण्याचे कष्ट ती स्वतःकडे घेतात आणि पारख मात्र आपल्यावर सोपवतात.

ही पारख पाण्यापासून सुरू होते. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की फेस मरतो आणि पांढुरका साका कपड्यांवर बसतो. आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवला की पाणी मऊ होतं, पावडरही बेतानं लागते. पाणी कोमट असेल, ४० अंशांच्या आसपास, तर पावडरीतली एन्झाइमं जोमानं कामाला लागतात. दुधाचे, घामाचे डाग सैल पडतात. हळद मात्र वेगळ्याच जातीची. सोड्याचा हात लागताच तो पिवळा डाग लालसर होतो. घाबरू नये, धुऊन कपडा उन्हात टाकावा, ऊन त्याचा रंग हळूहळू उडवतं.

टब कधी ठासून भरू नये. तळातली चकती एका दिशेला फिरते, क्षणभर थांबते, मग उलटी फिरते. म्हणूनच कपड्यांचा पीळ सुटत राहतो. झाकण उघडून पाहावं. सदऱ्याची बाही मधोमध बुडून कडेनं वर येत असेल, तर बेत जमला. कपडे जागच्या जागी डुलत असतील, तर दोन काढावेत किंवा पाणी वाढवावं. एकाच फेसात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला या क्रमाचं मोल सांगावं लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. खंगाळण्याआधी कपडे मिनिटभर ड्रायरमध्ये फिरवावेत. साबणाचं पाणी आधीच पिळून निघालं की खंगाळायला कमी पाणी पुरतं आणि कपड्यांत चिकटपणा उरत नाही. हा छोटा टब मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे घेतो, म्हणून कपडे सारखे पसरून त्यांवर जाळीची चकती दाबून बसवावी. धडधड ऐकू आली की लगेच थांबवून पुन्हा रचावेत.

पाणी, साबण, घासणी आणि वेळ यांचा मेळ बसला की कपडा स्वच्छ निघतो. नवी यंत्रं हा मेळ परस्पर जमवतात. जुनं यंत्र तो आपल्याला शिकवतं. म्हणून ते भंगारात देण्याआधी त्याची जाळी साफ करावी, सैल झालेला पट्टा बदलावा आणि एक धुणं त्याच्याजवळ उभं राहून धुवावं. ज्याची मोटर धड आहे, त्या मशीनला एवढा मान द्यायलाच हवा.