कळण्याचा पिझ्झा

मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेली माझी अकरा वर्षांची लेक काहीच न खाता परतली. दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीची आई मला रस्त्यात भेटली. "मॅडम, किती गुणी मुलगी आहे तुमची! समोर पिझ्झा होता, तरी म्हणाली, आज माझा रोजा आहे." मी हसून मान हलवली, पण घरी येईपर्यंत डोळे भरून आले. रोजा नव्हताच. मला हे चालत नाही, असं चारचौघींत सांगायची तिला लाज वाटली होती.

सहा महिन्यांपूर्वी तिला सिलिअ‍ॅक आजाराचं निदान झालं. गव्हात, तसंच जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात त्यामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. औषध नाही, आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हाच उपचार. आतडं दुखावलेलं असताना काहींना दूधही पचत नाही, म्हणून डॉक्टरांनी काही महिने दूध आणि चीजही बंद केलं. पोळी गेली, पाव गेला, ईदचा शीरखुर्माही गेला.

त्या वाढदिवसानंतर मी ठरवलं, पिझ्झा घरीच करायचा. तांदळाच्या पिठाचा पहिला बेस पापडासारखा कडक झाला, दुसरा तव्यावरच तुटला. पिठाला ताण देतं ते ग्लुटेनच. ते नसलं की पीठ धरून राहत नाही. सासूबाई पाहत होत्या. म्हणाल्या, "बेटा, कळण्याची भाकरी विसरलीस का?"

खरंच की! आपल्या मलकापूरकडे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून कळणा करतात. उडदाच्या चिकटपणाने भाकरी छान धरते. अडचण एकच होती. गिरणीत आधी गहू दळलेला असतो आणि त्याचं उरलेलं पीठही लेकीला बाधतं. म्हणून घरगुती चक्की घेतली. तिच्यात गहू घालायचाच नाही. हिंगही बदलला, कारण बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

आमची रीत अशी: चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद. पीठ चवीपुरतं मीठ घालून गरम पाण्याने मळायचं आणि जरा जाडसर, लहान भाकरी दोन्ही बाजूंनी भाजायची. टोमॅटो, लसूण आणि लाल तिखट तेलात घट्ट होईपर्यंत आटवायचं. भिजवलेले शेंगदाणे लिंबू, लसूण आणि मीठ घालून बारीक वाटले, की चीजची जागा भरते. भाकरीवर आधी टोमॅटो, मग कांदा, सिमला मिरची, मक्याचे दाणे आणि वरून शेंगदाण्याचं वाटण. तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. ओव्हन लागत नाही.

एक गोष्ट शिक्षिका म्हणून सांगते. मुलाचं पोट सतत बिघडत असेल, वजन वाढत नसेल, तर स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. आधी तपासणी करा. गहू सोडल्यावर तपासणीत आजार दिसेलच असं नाही.

गेल्या रविवारी लेकीने चार मैत्रिणींना घरी बोलावलं. सगळ्या एकाच दस्तरखानावर बसल्या. एकीने विचारलं, "हा पिझ्झा काळपट का गं?" मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी होते. लेक म्हणाली, "मला गहू चालत नाही ना, म्हणून आमच्याकडे कळण्याचा असतो. अजून देऊ?"

तिने आणखी दोन तुकडे घेतले.