लाँगइयरबेनच्या धुक्यातून माघारी

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून स्वालबार्ड द्वीपसमूहातलं लाँगइयरबेन हवाई मार्गाने सुमारे 950 किलोमीटरवर आहे. मुंबई-दिल्लीपेक्षा थोडं कमीच. विमानाला साधारण एक तास चाळीस मिनिटं लागतात. आकडे ओळखीचे, पण जुलैतल्या त्या प्रवासाने मला अंतराचा वेगळाच अर्थ शिकवला.

ऑस्लोहून निघालेलं आमचं विमान ट्रोम्सोला थांबलं. सगळ्यांना उतरवून पासपोर्ट तपासले गेले. स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व आहे, पण ते शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. मग विमान जवळजवळ सरळ उत्तरेला निघालं. डोंगर आणि फ्योर्ड मागे पडले आणि खाली फक्त समुद्र उरला. या वाटेवर निम्म्यात ब्योर्नोया हे एकच बेट आहे. तिथे हवामान केंद्र आहे, प्रवासी विमानतळ नाही.

माझ्या शेजारी लाँगइयरबेनला नोकरी करणारा तरुण बसला होता. त्याची बायको बाळंतपणासाठी ट्रोम्सोत राहिली होती. गावातल्या छोट्या रुग्णालयात बाळंतपणाची सोय नाही, त्यामुळे गरोदर बायकांना काही आठवडे आधीच मुख्य भूमीवर जावं लागतं. गंभीर आजाऱ्यांनाही विमानानेच ट्रोम्सोला न्यावं लागतं. 1975 साली विमानतळ सुरू होण्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला की हे खाणकामगारांचं गाव कित्येक महिने जगापासून तुटायचं, असंही त्याने सांगितलं.

विमान खाली येऊ लागलं. खिडकीबाहेर मात्र पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच नव्हतं. धावपट्टी फ्योर्डच्या काठाशी, डोंगराच्या पायथ्याला आहे. 1996 साली याच विमानतळाकडे येणारं एक रशियन विमान ऑपेराफ्येलेट डोंगरावर आदळून सर्वच्या सर्व 141 माणसं गेली होती. आमच्या वैमानिकाने थोडी वाट पाहिली आणि मग विमान ट्रोम्सोला परत जात असल्याचं जाहीर केलं. आमच्यासारखं मोठं विमान उतरेल अशी दुसरी धावपट्टी स्वालबार्डवर नाही, म्हणून परतीपुरतं इंधन बरोबर ठेवावंच लागतं. काही जण वैतागले. शेजारचा तरुण एवढंच म्हणाला, "आज रात्री तिच्याजवळ असेन."

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं आणि आम्ही पोहोचलो. ती धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळला की ती उंचसखल होते आणि वारंवार दुरुस्त करावी लागते. पुढे न्यू-ऑलेसुंडला, जिथे 2008 पासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, शास्त्रज्ञ इथूनच छोट्या विमानाने जातात. म्हणजे आपल्या आर्क्टिक संशोधनाची वाटही याच धावपट्टीवरून जाते.

माझ्या मते अशा ठिकाणी अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नये. उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे जाता येईल, यावर ते मोजावं. तुम्ही जाणार असाल, तर शेंगेनचा व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या, कारण परतताना तुम्ही शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करता. आणि पुढचं तिकीट लगेचचं काढू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.