मधला डबा

स्पीकर सगळे एकदम घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. ते दुकानदारांना पटत नाही आणि घरच्यांना त्याहून पटत नाही. एका खोक्यात लहान-मोठे डबे, वायरी, रिमोट, वर वॉरंटी, असं सगळं आयतं मिळत असताना माणूस एकेक नग कशाला गोळा करत बसेल? आजी असती तर तिला कळलं असतं. तिची मोहनमाळ दर पाडव्याला दोन-दोन मण्यांनी वाढली होती, आणि कुठला मणी कोणत्या साली, कशातून वाचवलेल्या पैशांचा, हे तिला शेवटपर्यंत पाठ होतं. माझं हॉलमधल्या स्पीकरांच्या बाबतीत तसंच आहे. आधीचा पोटभर ऐकून झाल्याशिवाय पुढचा आणला नाही. त्यामुळे काय कमी होतं आणि काय भरून निघालं, ते कानाला कळत गेलं.

पहिली जोडी पुढच्या दोघांची. पुण्यात असल्या खरेदीला निघालेल्या माणसाचे पाय आपोआप बुधवार पेठेत, तापकीर गल्लीकडे वळतात. दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी आणि चार दुकानांतून एकाच वेळी चार गाणी. तिथल्या एका वयस्कर मेकॅनिकने वायर कशी पारखायची ते दाखवलं. टोक सोलून एक तार वेगळी काढायची आणि ब्लेडने हलकेच खरवडायची. आतूनही लालसर दिसली तर तांबं. चंदेरी चमकली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. मग काउंटरवर उघड्या पडलेल्या एका स्पीकरच्या दोन टोकांना त्याने क्षणभर पेन्सिल सेल टेकवला. ‘टक्’ झालं आणि कागदाचा पडदा पुढे आला. सेल उलटा धरला तसा पडदा मागे गेला. “लाल-काळं चुकवलंत तर एक पुढे ढकलेल नि दुसरा मागे ओढेल. बेस गायब, आवाज पोकळ,” तो म्हणाला. १९२५ साली राइस आणि केलॉग या अमेरिकी इंजिनिअरांनी ज्या तऱ्हेचा स्पीकर मांडला, तीच तऱ्हा बहुतेक घरांत अजून चालू आहे: चुंबक, तारेचं वेटोळं आणि पुढेमागे हलणारा पडदा.

दोन डबे नीट जुळले की त्यांच्यामधल्या मोकळ्या भिंतीपाशी गाणारा येऊन उभा राहतो. तिथे काहीच नसतं, तरी गळा तिथूनच येतो. ही किमया इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लमलिनची. बायकोबरोबर बोलपट बघताना त्याला खटकलं, की नट पडद्याच्या एका टोकाला आहे आणि आवाज भलतीकडूनच येतोय. १९३१च्या डिसेंबरात त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं अवघं ३८.

पण ही किमया एकाच माणसापुरती. बरोब्बर मध्ये बसलेल्याला ती साधते. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याच्या कानात जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि सगळी माणसं त्या एका डब्यातूनच बोलायला लागतात. आमच्याकडे मधली जागा माझी, टोकाची आईची. “अरे, काय पुटपुटतोय हा माणूस?” हा तिचा रोजचा प्रश्न. आधी नुसत्या टीव्हीवर तर याहून वाईट होतं. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली नाहीतर मागे तोंड करून असतात, म्हणजे माणूस भिंतीशी बोलणार आणि ऐकायचं आपण. संवादाला आवाज वाढवा, हाणामारी सुरू झाली की कमी करा. रिमोट हातातून सुटायचा नाही.

मग सेंटर आला. टीव्हीखाली आडवा पडलेला, दिसायला अगदी सामान्य डबा. पाहुणे बाकीच्यांची चौकशी करतात, याची कोणी करत नाही. आणि तरी ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर अशा मांडणीत, बहुतेक संवाद याच्याच वाटणीला येतात. पडद्याच्या मध्यावर खराखुरा स्पीकर असल्यामुळे कुठेही बसलं तरी बोलणारा जागेवर राहतो. शिवाय सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या रिसीव्हरमध्ये याची एकट्याची पातळी चढवता येते. मी ती तीन डेसिबलने चढवली, आणि पुढच्या कडेखाली रबराचे दोन तुकडे सरकवून त्याचं तोंड आईच्या कानाच्या रोखाने किंचित वर केलं. मालिका सुरू झाली. दोनेक मिनिटांनी आई म्हणाली, “आता नीट बोलतोय.” आणि शेंगा सोलायला लागली.

आपल्याकडे लोक खर्चाची सुरुवात बफरपासून, म्हणजे सबवूफरपासून करतात. विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतींनी छातीला ती सवय लावून ठेवली आहे. ५.१ मधला तो शेवटचा पॉइंट वन म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतचा खर्ज. कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्या मानाने चिमूटभरच. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही, म्हणून बफर कुठेही ठेवा असं म्हणतात. खोलीला मात्र ते मान्य नसतं. कोपऱ्यात ठेवला की घुमतो, दोन हात सरकवला की गप्प होतो. यावर जुना उपाय असा, की बफर सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा आणि आपण गाणं लावून जमिनीवर रांगत सुटायचं. जिथे बेस सुटा आणि नेटका ऐकू येईल ती त्याची जागा. मी रांगत असताना ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. “काय हरवलंय?” जागा सापडली ती चपलांच्या रॅकशेजारी. तिथेच आहे अजून.

खोलीही विकत घेतलेल्या सामानाइतकीच बोलते. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती आणि मोठी काच असेल, तर टाळी वाजवून बघा, मागे झणझण राहते. आमच्याकडे जमिनीवर सतरंजी आली, खिडकीला जाड पडदे आले आणि मागच्या भिंतीला दिवाळी अंकांनी भरलेली मांडणी. झणझण गेली. या सगळ्याला पैसे लागले ते एका बऱ्या वायरीपेक्षा फार नाहीत.

मागचे दोन सर्वांत शेवटी आले. पाऊस पाठीमागेही पडतो, एवढं त्यांनी सांगितलं. छतातून आवाज देणारं अ‍ॅटमॉस २०१२ पासून थिएटरांत आहे, आता घरांतही येतं. वरच्या मजल्यावरच्यांशी माझे संबंध अजून चांगले आहेत, म्हणून तिथे थांबलो.

सगळं जुळल्यावर ‘सैराट’ लावला. अजय-अतुलनी त्याचं संगीत थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत, मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेलं. पाचही डबे भरून वाजले. आणि शेवटच्या प्रसंगात नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. पंख्याची घरघर आणि फ्रिजची धडधड इतकी कधी ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईसाठी प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला, १९३६चा. मोनो आवाज, म्हणजे सगळं एकाच वाटेने. रिसीव्हरने ते ओळखलं आणि सगळं सेंटरकडे सोपवलं. कडेचे दोन, मागचे दोन, रॅकशेजारचा बफर असा सगळा जमवलेला गोतावळा मुकाट बसून राहिला आणि विष्णुपंत पागनीस त्या आडव्या डब्यातून गात राहिले. त्याला बाकी कोणाची गरज पडली नाही.

तेव्हा घ्यायला निघाला असाल तर दोन चांगले डबे आणि एक त्याहून चांगला मधला, इथपर्यंत आधी या. बफरला पुढची दिवाळी आहे. आणि दुकानदार हमखास स्फोटांचा सिनेमा लावून दाखवेल; त्याला थांबवा आणि मराठी बातम्या लावायला सांगा.