खरा प्राइम कोणता?

न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याच्या घरात दोन पक्ष आहेत. भांडण इस्टेटीवरून नाही. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला ऑप्टिमस प्राइम खरा कोणता, यावरून! प्राइम म्हणजे ट्रकचा यंत्रमानव होणारं खेळणं. 1984 पासून बाजारात आहे.

भाचा तिथंच वाढलेला, जुन्या कार्टूनच्या पक्षाचा. 1986च्या सिनेमात प्राइमला मारला. का, तर कंपनीला नवी खेळणी खपवायची होती! थेटरात पोरं ढसढसा रडली, तेव्हा 1987 मध्ये निमूटपणे जिवंत केला. (रडणाऱ्यांत भाचा होताच.)

चिरंजीव नव्या सिनेमांचे. “बाबा, तुमचा प्राइम नुसता उपदेश करतो.”

“आणि तुझा? 2011च्या सिनेमात दयेची भीक मागणाऱ्याला गोळी घालतो! अरे, चित्रकथेतल्या प्राइमनं व्हिडिओ गेममधले निरपराध मेले म्हणून स्वतःचा जीव दिला!”

हे मला जरा जास्तच वाटलं. पण माझं मत भाच्यालाच. दोन्हीकडे आवाज पीटर कलन यांचाच. तो बसवताना त्यांनी फौजेतून परतलेला आपला भाऊ डोळ्यांपुढे ठेवला होता. अंगात बळ असलेल्यानं आरडाओरडा करू नये, असं त्या भावाचं सांगणं.

चिरंजिवांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आजोबा, बाबा का ओरडतायत?”